आजोबांच्या घरातली ती माणसे

प्रिय ईरा,

आजोबांच्या तेराव्याला पंगतीत वाढणारी, फडताळातून न विचारता पातेली काढणारी आणि आजीला "काकू, तुम्ही आधी बसा बघू" असे दटावणारी ती माणसे आपली नातेवाईक नव्हती, तर मग कोण होती, आणि आपण पोहोचण्यापूर्वी आजोबांना खांदाही त्यांनीच का दिला, असे तू विचारले होतेस. "आजोबांचे विद्यार्थी" एवढेच मी तेव्हा म्हणालो. ते खरे असले तरी पुरेसे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आजोबा बडोद्यात प्रतापनगरला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. त्या नोकरीबद्दल सांगण्यासारखे फार नाही. ती त्यांनी नेकीने केली आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालून घेऊन घरी आले. त्यांचा खरा दिवस कचेरी सुटल्यावर सुरू होई. सायकल घराकडे न वळवता ते थेट आखाड्यात जात आणि दिवेलागणीनंतरही बराच वेळ मुलांना मल्लखांब शिकवत. स्वतः ते लहानपणी दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात शिकले होते. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांची परंपरा पुढे चालवली ती त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी, आणि संस्थेवर नाव मात्र गुरूचेच राहिले. नवा मुलगा आला की आजोबा त्याला ही हकीगत आधी सांगत आणि मगच मातीला हात लावून तो कपाळाला लावायला शिकवत. मल्लखांबाला नवे रूप देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले, हेही ते सांगत. पण बाळंभटदादांपेक्षा जुम्मादादांविषयी बोलताना त्यांचा आवाज अधिक मोकळा होई, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्यांचे शिकवणे तू पाहायला हवे होतेस. जमिनीत पुरलेला सागवानी खांब, खाली जाड, वर निमुळता होत गेलेला, त्यावर मान आणि मानेवर बोंड. खांबाला हलक्या हाताने एरंडेल लावलेले. नवे मूल साधी अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड, घालून पहिल्यांदा डोके खाली करते, तेव्हा त्याच्या मांड्या थरथरतात आणि खांब सोडून द्यावा असे त्याला वाटते. अशा वेळी आजोबा त्याच्या पाठीमागे उभे राहून कमरेपासून चार बोटांवर हात धरत, पण टेकवत नसत. हात टेकवला की मूल भार हातावर टाकते आणि अढी सैल होते; हात काढून घेतला तर ते घाबरते. तेवढे चार बोटांचे अंतर राखण्यात त्यांचे सगळे कसब होते. ओरडणे त्यांना ठाऊक नव्हते असे मात्र समजू नकोस. नखे वाढलेली दिसली किंवा हातात कडे दिसले की मराठी-गुजराती दोन्ही भाषांत उद्धार होई.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. आजोबांनी कधी फी घेतली नाही. पहिल्या दिवशी मारुतीपुढे नारळ आणि गुरुपौर्णिमेला एक फूल, एवढेच. लोक याला दानत म्हणत; त्यांचे स्वतःचे कारण वेगळे होते. फी घेतली की आज पाठवायचे की नाही हे पालक ठरवतात, आणि मग मूल का आले नाही हे त्यांच्या दारात जाऊन विचारायचा आपला अधिकार जातो, असे ते म्हणत. ते खरोखरच दारात जात. सलग दोन दिवस कोणी दिसले नाही की तिसऱ्या दिवशी सायकल त्याच्या घरासमोर उभी असे. कुठे ताप असे, कुठे बाप दारू पिऊन पडलेला असे, कुठे मुलाला दुकानात कामाला लावलेले असे. कोणाच्या शाळेत जाऊन बोलावे लागे, कोणाला परीक्षेपुरते आमच्या माडीवर आणून बसवावे लागे. तुझे जिम्नॅस्टिक्सचे शिक्षक असे न सांगता आपल्या दारात आले तर मी काय म्हणेन, हे मलाही सांगता येत नाही. पण तिथे कोणी दार लावून घेतल्याचे मला आठवत नाही.

माडीवर आणलेली ती मुले आमच्याबरोबर जेवत. आजीच्या कणकेच्या परातीत किती माणसांची कणीक आहे हे पोळ्या संपल्यावरच कळे. तिला याचे कौतुक होते तसा त्रासही होता आणि तो ती बोलून दाखवी. मलाही होता. माझी इयत्ता आजोबांना विचारावी लागे, पण आखाड्यातल्या प्रत्येक मुलाचा कोणता विषय कच्चा आहे हे त्यांना तोंडपाठ असे. हे मी त्यांच्यावर राग धरून लिहीत नाही. ते घर बाहेरून दिसे तितके सोपे नव्हते, एवढे तुला माहीत असावे.

म्हणून तेराव्याला पातेली कुठे आहेत हे त्या काकांना विचारावे लागले नाही. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठले-भात आणून देतात. आजीकडे त्या रात्री जुन्या विद्यार्थ्यांच्या घरांतून खिचडी-कढीचे डबे आले. अग्नी तुझ्या काकांनी दिला. खांदा मात्र सहसा घरचे आणि जवळचे लोक देतात, आणि त्या मुलांना तू परके कोणी म्हणाली असतीस तर त्यांना ते समजलेच नसते. ज्या दाढीवाल्या काकांनी तुला जिलेबी दुसऱ्यांदा वाढली, ते अब्बांबरोबर पहिल्यांदा आखाड्यात आले तेव्हा आठ वर्षांचे होते, आणि माडीवर माझ्या शेजारच्या गादीवर झोपून त्यांनी दहावीची परीक्षा दिली.

आता संध्याकाळचा वर्ग तेच चालवतात. सुट्टीत बडोद्याला गेल्यावर दोरीचा मल्लखांब शिकायचा, असे तू आजीला फोनवर सांगितलेस, ते तिने त्यांच्या कानावर घातले आहे. नखे कापून, बांगडी आणि घड्याळ घरी ठेवून, रिकाम्या पोटी जा. कंटाळा आला म्हणून दोन दिवस गेली नाहीस, तर तिसऱ्या दिवशी ते घरी येतील. तेव्हा आजीच्या मागे लपू नकोस, कारण आजी त्यांचीच बाजू घेईल.

तुझा,
बाबा