सातारा की सांगली, कोणत्या जिल्ह्याचं उत्पन्न जास्त, हे कसं तपासायचं?

राज्य सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालात जिल्हानिहाय उत्पन्नाचे तक्ते असतात, तिथून सुरुवात करा. दोन्ही जिल्ह्यांचे आकडे एकाच वर्षाचे आणि एकाच प्रकारच्या किमतींचे (चालू किंवा स्थिर) घ्या. काळानुसार वाढ बघायची असेल तर स्थिर किमती, म्हणजे महागाई वगळून एका ठरावीक (पायाभूत) वर्षाच्या दराने मोजलेले आकडे, तेही एकाच पायाभूत वर्षाचे. 2004-05 आणि 2011-12 या पायाभूत वर्षांच्या मालिका एकमेकींना जोडल्या की महागाईच वाढ म्हणून दिसते.

एकूण आकडा लोकसंख्येने भागा. 2011 च्या जनगणनेत सातारा सुमारे 30 लाख, सांगली 28.2 लाख, पण भागाकाराला त्या-त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्याच हवी.

खरी फसगत पुढे आहे. हे उत्पन्न जिथे तयार होतं तिथे मोजतात, जिथे खर्च होतं तिथे नाही. विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी गाळतात. ती कमाई जिथे धंदा चालतो त्या गावच्या खात्यात जाते, घरी आलेला पैसा सांगलीच्या उत्पन्नात धरत नाहीत. कोयना धरण साताऱ्यात, पण मोठी वीजगृहं घाटाखाली पोफळी-अलोरेला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात!

शिवाय रेल्वे, बँका यांचं राज्याचं उत्पन्न निर्देशकांवरून (अप्रत्यक्ष मोजमापांवरून) जिल्ह्यांत वाटलेलं असतं, म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या फरकावरून वाद घालू नका. आणि जिल्ह्याच्या सरासरीत सांगलीतला दुष्काळी जत तालुका सधन वाळव्यामागे लपतो, साताऱ्यातला माण कराडमागे.

पावसाचं एखादं वर्ष ऊस-द्राक्षाचं गणित बिघडवतं, तेव्हा तीन वर्षांची सरासरी काढलेली बरी.