माशाची नजर परत येते, मग बाबांची का नाही?

तुमचे दोन प्रश्न आहेत. झेब्राफिश या छोट्या माशाचं दृष्टिपटल (डोळ्यातला प्रकाश टिपणारा पडदा, रेटिना) जखमेनंतर पुन्हा तयार होतं, मग काचबिंदूनं गेलेली बाबांची नजर परत येईल का? आणि डोळ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन देणारं एक ठिकाण कुणी सुचवलंय, तिथे जावं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: जाऊ नका. कारण पुढे येईलच. मी काही वर्षं या माशांवर काम केलंय, म्हणून पहिल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, आणि पिल्लांपुरतं नाही, पूर्ण वाढलेल्या माशांतही खरं आहे. अतिप्रखर प्रकाशात ठेवून माशाच्या दंडपेशी आणि शंकुपेशी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशी, मारल्या, तरी साधारण महिन्याभरात त्या बऱ्याच अंशी नव्यानं तयार होतात. हे काम करतात म्युलर पेशी. एरवी त्या दृष्टिपटलाला आधार देतात, त्याची देखभाल करतात. इजा झाली की त्या आपलं ठरलेलं रूप थोडं सोडतात आणि दोन-एक दिवसांत विभागतात. दोन लेकींपैकी एक म्युलरच राहते, दुसरी विभागत राहते. तिची पिल्लावळ म्युलर पेशीच्या खांबाला धरून रिकाम्या जागेकडे सरकते आणि तिथे हवी ती पेशी बनते. आई शाबूत राहते, म्हणून पुन्हा इजा झाली तरी दुरुस्ती होऊ शकते.

याच म्युलर पेशी बाबांच्या डोळ्यातही आहेत! पण आपल्याकडे इजा झाली की त्या फुगतात, व्रण धरतात आणि थांबतात. माशात एएससीएल१ए नावाचं जनुक जागं होतं, ते लिन२८ला उठवतं आणि लिन२८ पेशीला प्रौढपणात अडकवून ठेवणारा लेट-७ हा आरएनए खाली आणतं. हा दुवा मिशिगन विद्यापीठात राजेश रामचंद्रन आणि डॅनियल गोल्डमन यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवला. रामचंद्रन पुढे मोहालीच्या आयसर या विज्ञानसंस्थेत आले. २०१७ मध्ये सिएटलच्या टॉम रे यांच्या गटानं प्रौढ उंदरांच्या म्युलर पेशींत तेच जनुक चालू केलं, जोडीला गुणसूत्रांची घट्ट गुंडाळी सैल करणारं औषध दिलं, आणि काही पेशी खरोखर चेतापेशी झाल्या. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पण त्या मुख्यतः दृष्टिपटलाच्या मधल्या थराच्या पेशी होत्या आणि थोड्याच होत्या.

आता काचबिंदू. यात मरतात त्या गँग्लिऑन पेशी; त्यांचेच सुमारे दहा लाख धागे एकत्र येऊन डोळ्यामागची नस बनते. म्हणजे नवी पेशी बनवून भागत नाही, तिचा धागा मेंदूत नेमक्या जागी पोचायला हवा. मासा हेही करतो. १९६३ मध्ये अटार्डी आणि स्पेरी यांनी गोल्डफिशची नस कापली आणि दृष्टिपटलाचा अर्धा भाग काढून टाकला. उरलेल्या अर्ध्याचे काही धागे मेंदूतली मोकळी पडलेली जागा ओलांडून पलीकडे, आपल्या मूळ जागी गेले. जवळची जागा रिकामी असूनही! आपल्या नसेत धागा असा परत वाढत नाही.

नजर परत आली की नाही हे वागण्यातूनच कळतं. माशाभोवती पट्टे रंगवलेलं नळकांडं फिरवायचं. दिसत असेल तर त्याचे डोळे पट्ट्यांमागे जातात. आंधळ्या झालेल्या माशाचे डोळे काही आठवड्यांनी पुन्हा पट्टा पकडताना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ नळकांडं बंदच केलं नाही. म्हणून तुमची आशा मला कळते.

पण इंजेक्शनवाल्यांच्या पेशींना नवी गँग्लिऑन पेशी बनणं आणि तिचा धागा मेंदूपर्यंत नेणं, या दोन्हींतलं काही येत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतली तीन रुग्णांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली: मॅक्युलर डीजनरेशन (दृष्टिपटलाचा मधला भाग झिजण्याचा आजार) यासाठी, स्वतःच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत सोडल्या, आणि होती ती नजरही जवळपास गेली. कुठे संशोधन-चाचणी म्हणून सांगितलं, तर भारताच्या सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या यादीत तिची नोंद पाहा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे मागितले तर तिथूनच परत या.

बाबांचे थेंब मात्र एक दिवसही चुकवू नका. डोळ्यातला दाब कमी ठेवला तर उरलेले धागे टिकवता येतात. आणि हा आजार घराण्यात चालतो, तेव्हा तुम्ही आणि तुमच्या भावंडांनीही दाब आणि नस तपासून घ्या. बाबांचा ताजा फील्ड टेस्टचा (नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आणि थेंबांची नावं इथे लिहा, मग पुढचं बोलू.