जहाजाच्या सगळ्या फळ्या बदलल्या तर ते जहाज तेच राहतं का?

तुम्ही विचारलंय की ग्रीक दंतकथेतला वीर थिसिअस, त्याच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेले आणि शेवटी जुनी एकही उरली नाही, तर ते तेच जहाज का? आणि शरीर पण म्हणे दर ७ वर्षांनी पूर्ण नवीन होतं, मग मी तरी तोच का? हा प्रश्न आमच्या घरात भांडण होईपर्यंत आला होता म्हणून लिहितोय.

आजोबांचा तबला होता, गावच्या भजनात वाजवायचे. पुडी, म्हणजे वरचं चामडं, तर दर थोड्या वर्षांनी बदलावीच लागते, शाईचे, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचे, टवके उडाले की आवाज खोकला झाल्यासारखा येतो, मग पुडी ताणून धरणारी चामड्याची वादी झिजली ती बदलली, तिच्याखालचे लाकडी गठ्ठे बदलले, आणि आजोबा गेल्यानंतर एका उन्हाळ्यात खोडालाच, म्हणजे लाकडी अंगालाच, उभा तडा गेला तर तबलेवाल्या काकांनी शिसवाचं नवीन खोड आणून त्याच्यावर आजोबांनंतर बदललेली पुडी चढवून दिली. म्हणजे आजोबांचा हात लागलेलं काहीच राहिलं नाही. आणि आजीने आजोबांच्या शेवटच्या दिवसातली पुडी पिशवीत जपून ठेवली होती, ती भावाने तडा गेलेल्या जुन्या खोडावर बांधली आणि शोकेसमध्ये ठेवली. आता दोन तबले, एक माझ्याकडे जो वाजतो, एक त्याच्याकडे जो वाजत नाही, आणि दोघंही म्हणतो आजोबांचा तबला माझ्याकडे आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५५ मध्ये हेच विचारलं होतं, की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्याच क्रमाने परत जोडल्या तर दोन जहाजांपैकी खरं कुठलं. तेव्हा मला वाटलं होतं ह्याला उत्तरच नाही.

पण त्या जहाजाची एक गोष्ट लोक सांगत नाहीत. ते नुसतं जपून ठेवायचं जहाज नव्हतं, त्याला काम होतं. क्रीट बेटावर बळी म्हणून पाठवलेल्या मुलांसोबत थिसिअस निघाला तेव्हा अथेन्सवाल्यांनी अपोलोला नवस बोलला होता की ही मुलं सुखरूप परत आली तर दरवर्षी डेलॉस बेटावर यात्रा पाठवू, आणि तो नवस फेडायला जहाज जायचं. ते परत येईपर्यंत शहरात कोणाला देहदंड द्यायचा नाही असा कायदा. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी जहाजाला हार घातला गेला, म्हणजे यात्रा सुरू झाली, आणि त्यामुळे शिक्षा झाल्यावरही तो सुमारे महिनाभर तुरुंगात जिवंत राहिला. जहाज आलं आणि मग विषाचा पेला आला. थिसिअस दंतकथेतला, त्या जहाजात मूळचं लाकूड किती होतं देव जाणे, पण अथेन्सवाले म्हणायचे हेच ते जहाज, आणि त्या म्हणण्यावर एक माणूस महिनाभर जगला. फळ्या कोणी मोजल्या नाहीत.

मराठीत आपल्याकडे तोच आणि तसाच असे दोन शब्द आहेत, भांडण सगळं तिथे आहे. भावाकडे आहे ते तेच लाकूड, तेच चामडं, आणि आजोबांची आठवण आली की मी सुद्धा त्या शोकेसपाशीच जातो, त्यांच्या बोटांनी शाईवर पडलेला गुळगुळीत डाग अजून दिसतो. पण तबला म्हणून विचाराल तर माझ्याकडचा तोच आहे, कारण पुडी बदलली त्याच संध्याकाळी तो आरतीला वाजला, खोड बदललं त्याच आठवड्यात भजनाला वाजला, काम एकदाही खंडलं नाही. सगळं एका दिवसात फेकून दुकानातून नवा आणला असता तर मी त्याला आजोबांचा म्हटलं नसतं, तो फार तर तसाच.

मिलिंद ह्या ग्रीक राजाला नागसेन ह्या बौद्ध भिक्खूने दिव्याचं सांगितलं होतं, रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहराची आणि शेवटच्या प्रहराची एकच का? तीच पण नाही आणि वेगळी पण नाही. मला हे पटतं, पण अर्धंच, कारण दिवा लावणाऱ्याला तेल रात्रभर घालावं लागतं.

शरीराचं ते ७ वर्षांचं गणित चुकीचं आहे बरं का. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवसांत बदलतात, पण मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात, दाताचं वरचं कवच पण एकदा झालं की झालं. तरी मी तोच का, ह्याचं उत्तर मी पेशींमध्ये शोधत नाही. १४ वर्षांचा असताना आजोबांना शब्द दिला होता की गणपतीत तबला बंद पडू देणार नाही. तो मुलगा दिसायला, बोलायला, कशातच माझ्यासारखा नाही, देवावरचा विश्वास पण माझा आता तसा नाही, पण त्याचा शब्द दुसऱ्या कोणाला पाळता येणार नाही, तो माझ्याच अंगावर आहे. ह्या वर्षी पुडी पुन्हा उतरलीये, श्रावणात बदलून आणायचीये, आणि भावाला म्हटलंय ह्या खेपेला तू पण चल काकांकडे.