वाचक विचारतात: काचेच्या कपाटातली जुनी स्मिथ घेऊ का?

प्रश्न: नमस्कार सर, मी ह्यूस्टनजवळ राहतो, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. घराजवळच्या गन शॉपमध्ये स्मिथ अँड वेसनची मॉडेल 19-3 रिव्हॉल्वर आलीय, चार इंची बॅरल, निळं फिनिश, सोबत डबा पण आहे. मालक म्हणतो एका रिटायर्ड शेरीफची होती आणि फारशी चाललेली नाही. साडेअकराशे डॉलर सांगतोय. मला गोळ्या झाडण्यापेक्षा जपून ठेवायला हवीय. घेऊ का? आणि पुढेमागे पुण्याला नेता येईल का?

उत्तर: शेरीफची गोष्ट आधी बाजूला ठेवा. प्रत्येक जुन्या रिव्हॉल्वरमागे एक शेरीफ नाहीतर एक विधवा बाई असतेच, आणि कागद नसेल तर त्या गोष्टीचे जास्तीचे पैसे द्यायचे नाहीत. वस्तू मात्र चांगली निवडलीत. हे मॉडेल 1955 मध्ये कॉम्बॅट मॅग्नम नावाने आलं, 1957 पासून कंपनीने मॉडेल नंबर द्यायला सुरुवात केली, आणि 19-3 म्हणजे साधारण 1967 ते 1977 मधला माल. तेव्हा बॅरल फ्रेममध्ये एका बारीक पिनने अडकवलेलं असायचं आणि काडतुसाची कड सिलिंडरच्या (गोळ्या बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या) आत बुडायची, 1982 च्या सुमारास हे दोन्ही बंद केलं म्हणून कलेक्टर लोक ही जुनी मागतात.

लोकल दुकानाचा खरा फायदा एकच, वस्तू हातात घेऊन बघता येते, नाहीतर ऑनलाइन फोटोत सगळंच चकाचक. तर मालकाला विचारून, रिकामी आहे ना हे स्वतः सिलिंडर उघडून बघून, मग सुरू करा. हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा, हॅमर अडकायच्या आत सिलिंडर लॉक व्हायला पाहिजे, आणि हे सहाच्या सहा घरांना करून बघायचं, एक दोन घरं बघून सोडायचं नाही. हॅमर मागे अडकलेला असताना ट्रिगरला हात न लावता हॅमर अंगठ्याने हलकेच पुढे ढकला, तो सुटला तर आत कोणीतरी कानस फिरवलीय. मग सिलिंडर पुढेमागे हलतो का बघा, आणि सिलिंडर-बॅरलमधली फट फीलर गेजने मोजा (गाडीच्या मेकॅनिककडे असतो तोच). 0.010 इंचाच्या वर गेली तर पुढे बोलू नका. आणि सिनेमातल्यासारखं मनगट झटकून सिलिंडर बंद केलात तर मालक हाकलून देईल, बरोबरच करेल.

आता या मॉडेलचं खास दुखणं. बॅरलचं मागचं तोंड, ज्याला फोर्सिंग कोन म्हणतात, ते खालच्या बाजूला थोडं सपाट तासलेलं असतं आणि तिथे धातू पातळ. हलक्या 125 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीचं वजन) मॅग्नम गोळ्या खूप झाडल्या की नेमकी तिथेच चीर जाते. सिलिंडर उघडून टॉर्च मारून तेवढी जागा नीट बघा. चीर असेल तर ओरिजिनल बॅरल शोधत बसणं तुम्हाला परवडणार नाही.

साडेअकराशे योग्य की नाही हे फिनिशवर ठरतं. निळं फिनिश कंपनीचं असेल आणि चाल घट्ट असेल तर मालकाने भाव वाढवून मागितला असं मी म्हणणार नाही, शंभर एक कमी करतो का विचारायला काय जातंय. पण कोणी मागाहून पॉलिश करून परत निळं केलं असेल तर दिसायला ती जास्तच सुंदर दिसते आणि कलेक्टरच्या लेखी किंमत धाडकन पडते. ओळखायचं कसं, तर कोरलेली अक्षरं पुसट, फ्रेमच्या कडा गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा. हॅमर आणि ट्रिगरवर ढगाळ रंगाची छटा हवी, तेही निळे दिसले तर मागाहून निळं केलंय यात शंकाच नको. स्क्रूच्या खाचा चेमटलेल्या असतील तर कोणीतरी घरचा स्क्रूड्रायव्हर घालून उघडलीय.

सिरीयल नंबर मुठीच्या तळाशी असतो, मोठी लाकडी ग्रिप असेल तर ती काढायला सांगा. सिलिंडर उघडल्यावर मॉडेल नंबरच्या शेजारी दिसतो तो आकडा बऱ्याचदा नुसता कारखान्यातला जोडणीचा नंबर असतो, तो धरून घोळ घालू नका. डब्यावर लिहिलेला नंबर मुठीच्या तळाच्या नंबराशी जुळला तरच डब्याचे पैसे, कारण नुसते रिकामे डबे वेगळे विकत मिळतात. खात्री हवी असेल तर स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन पैसे घेऊन पत्र देतं, कारखान्यातून कधी आणि कुठे पाठवली ते त्यात कळतं.

कागदांचं: फॉर्म 4473 (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरायचा, ग्रीन कार्डवरचा ए-नंबर त्यात लागतो, मग दुकानदार बॅकग्राउंड चेक करतो. टेक्सासमध्ये वेगळं परमिट नाही, पण हे वाचून न्यू जर्सीवाल्यांनी निघू नये, तिथे आधी पोलिसांकडून पर्चेस परमिट काढावं लागतं. छंद वाढलाच तर 50 वर्षांवरच्या जुन्या हत्यारांसाठी क्युरिओ अँड रेलिक लायसन्स आहे, तीन वर्षांना 30 डॉलर.

पुण्याचं म्हणाल तर डोक्यातून काढा. इकडे एक्सपोर्टचे नियम, तिकडे आर्म्स अ‍ॅक्ट 1959, आणि बॅगेत टाकून नेली तर विमानतळावरून थेट कोठडी. घरीच ठेवा, तिजोरीत, पण चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून नको, चामडं ओल धरतं आणि गंज चढतो.

प्रश्न: मी डॅलसला एच-वन-बी वर आहे. मला जुनी कोल्ट पायथन रिव्हॉल्वर हवीय, चुलतभाऊ सिटिझन आहे, त्याच्या नावावर घेतली आणि पैसे मी दिले तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. फॉर्मवर पहिल्यांदाच विचारतात खरा खरेदीदार तूच का, तिथे भाऊ खोटं बोलणार आणि 2022 च्या कायद्याने अशा दुसऱ्यासाठीच्या खरेदीला 15 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याने स्वतःच्या पैशाने घेऊन वाढदिवसाला दिली तरी उपयोग नाही, कारण एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगणंच फेडरल कायद्याने मना आहे, रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंसुद्धा त्यात येतं. अपवाद थोडे आहेत, त्यातला लोकांना ठाऊक असलेला म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. ते काढून कायदेशीर घेता येते, फॉर्ममध्ये आय-94 चा (अमेरिकेत आल्याच्या नोंदीचा) नंबर द्यावा लागतो आणि लायसन्सची प्रत दुकानदाराला दाखवावी लागते. पण लायसन्सची मुदत संपली आणि रिव्हॉल्वर घरातच राहिली तर परत गुन्हा, म्हणून ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या माणसाने आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करावा आणि मग दुकानात जावं.