शिआत्सु घेताना दुखलं, तरी 'दाइजोबू' का म्हणायचं?

तोक्योतल्या निशिकासाइमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंचा प्रश्न. वय ३८, काम लॅपटॉपवर. (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत.) "मान-खांदे सतत अवघडलेले. ऑफिसातल्यांच्या सांगण्यावरून शिआत्सु, म्हणजे जपानी पद्धतीनं अंग दाबून घेणं, करून पाहिलं, तर तीन दिवस मान वळेना. नस दबली असेल का? पुन्हा जाऊ की नको?"

हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, असं काहीच नव्हतं आणि चौथ्या दिवशी दुखणं आपोआप ओसरलं होतं. म्हणजे नस दबल्याची लक्षणं नव्हती. स्नायू ठेचल्यासारखे झाले होते. जपानीत याला 'मोमिकाएशी' असा खास शब्दच आहे, इतकं ते नेहमीचं. मुंग्या आल्या असत्या किंवा दुखणं वाढत गेलं असतं, तर मात्र थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं.

मग विचारलं, "दाबताना दुखत होतं?"

"खूप. ती बाई सारखी विचारायची, जोर बरोबर आहे का. मी म्हणायचे, दाइजोबू, ठीक आहे."

"का?"

"इतक्या अदबीनं विचारतात, नाही कसं म्हणणार? शिवाय दुखलं तरच गुण येतो ना?"

खरी गाठ इथं होती. शिआत्सु म्हणजे बोटांचा दाब. तेल नाही, चोळणं नाही. अंगात सैल सुती कपडे, खाली फुटॉन (जमिनीवर पसरायची जपानी गादी) किंवा बुटका पलंग. अंगठ्याचं टोक नव्हे, पेराचा मऊ भाग टेकवायचा, हात सरळ ठेवून अंगाचा भार काटकोनात हळूहळू सोडायचा, साधारण ३ ते ५ सेकंद थांबायचं आणि तितक्याच सावकाश उचलायचं. मनगटाच्या जोरावर रेटलं की दुखतं. दुखलं की माणूस श्वास रोखतो, दात आवळतो, स्नायू दगडासारखा होतो. दाबणाऱ्याला वाटतं, इथं फारच घट्ट आहे. तो आणखी रेटतो. वर तुमचं 'दाइजोबू' आहेच! योग्य दाबालाही जपानीत शब्द आहे, 'इताकिमोचीइ': दुखतं, पण बरं वाटतं. त्यात श्वास चालू राहतो. दुखण्याच्या आपल्या मोजपट्टीवर दहापैकी पाचच्या वर गेलं की बोलायचं.

काय बोलायचं, तेही ताईंकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं: "योवाकु शिते कुदासाइ", जरा हळू करा. पहिल्या दोनदा पुटपुटल्या, पुढे माफीचा शब्द जोडला, पाचव्यांदा नीट निघालं.

दाबून घेण्याचं ठिकाणही तपासायला हवं होतं. तोकुजिरो नामिकोशी यांनी लहानपणी आईचे दुखरे सांधे अंगठ्यांनी दाबत ही पद्धत बसवली, १९२५ साली होक्काइदोत दवाखाना काढला आणि १९४० मध्ये तोक्योत शाळा. आज जपानात यासाठी किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आहे, मगच परवाना मिळतो. ताई गेल्या होत्या ते स्टेशनजवळचं 'सेइताइ' (शरीर नीट बसवणं) अशा पाटीचं दुकान. त्या पाटीला असा परवाना लागत नाही. तिथले सगळे वाईट असतात असं नाही, पण परवाना दाखवा म्हणायला लाजू नये. भरल्या पोटी जाऊ नये, आणि मानेच्या पुढच्या बाजूला, जिथं ठोका लागतो, तिथं दाबू नका असं आधीच सांगावं.

ताई परवानाधारकाकडे गेल्या. दोनदा 'योवाकु' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मान जरा जड होती, वळत मात्र होती. महिनाभरानं येणाऱ्या आईंनाही नेऊ का, असं त्यांनी मग विचारलं. आई ६८ वर्षांच्या, रक्त पातळ करण्याची गोळी चालू, हाडं ठिसूळ. त्यांना नाही. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.