निवृत्तीनंतर पुण्यातला फ्लॅट विकून सांगली-मिरजेला राहायला जावं का? फायदे-तोटे काय?

खुशाल जा. फ्लॅट मात्र लगेच विकू नका, एक पावसाळा इथे भाड्याने राहून बघा.

आम्ही डोंबिवली सोडून मिरजेत आलो तेव्हा पुण्याचे माझे दीर चारचौघांत म्हणाले, "वहिनी, या वयात लोक दवाखान्याच्या जवळ जातात, तुम्ही लांब चाललात." मिरजेबद्दल हे बोलावं? वान्लेस डॉक्टरांनी 1894 साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही बेळगाव-विजापूरकडून पेशंट मिरजेलाच येतात.

गेल्या श्रावणात हे रात्री न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. माझी हाक ऐकून शेजारचे रिक्षावाले धावत आले. त्यांनी ह्यांना जागचं हलू दिलं नाही. अँब्युलन्स दारात येईपर्यंत त्यांच्या मुलाने हाडाच्या डॉक्टरांना फोनसुद्धा लावला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. शेजारच्या कॉटवर विजापूरकडच्या आजी होत्या. त्यांची सून मला रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आणून द्यायची. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी. भाऊजी पुण्याहून पोचले तेव्हा हे शुद्धीवर येऊन चहा मागत होते. डोंबिवलीत हेच संध्याकाळी झालं असतं तर आम्ही पुलावरच्या गर्दीत अडकून पडलो असतो, हे मी त्यांना तिथेच ऐकवलं.

वेळ कसा जाईल, ही काळजी करू नका. मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याची मैफल असते. मोठमोठे कलाकार हजेरी लावतात आणि तिकीट नसतं. मुंबईला जायचं तर महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्री बसा, सकाळी उतरा.

तोटे आहेतच. रस्ते वाईट आहेत आणि म्हाताऱ्या माणसाला चालायला धड फुटपाथ नाही. गुंतागुंतीच्या आजाराला पुणं-मुंबई गाठावी लागते. सांगलीत घर बघत असाल तर पूर विसरू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. 2005, 2019 आणि 2021 ला त्या गल्लीत पाणी कुठवर आलं, ते एजंटला नको, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. आणि जोडीदाराचं मन नसेल तर येऊच नका. आमच्यात यायचं ठरवलं ते दोघांनी मिळून.

भाऊजींचं पालुपद अजून चालूच आहे, "डोंबिवलीची जागा ठेवली असती तर आज केवढ्याला गेली असती!" गेली असती. पण ती चौथ्या मजल्यावर होती आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. वॉकर घेऊन हे ते जिने कसे उतरले असते, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.