पावसाआधी टायर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मुलगा डोंबिवलीला असतो. त्याची गाडी गावी झाकून ठेवलेली असते. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात काय ती फिरते. आठ वर्षे झाली, टायरची नक्षी नव्यासारखी आहे. पंक्चरवाला म्हणतो बदला. तो गिऱ्हाईक करतोय का? (देवरुख)

नाही, बरोबर सांगतोय. टायर फिरून झिजतो तसा उभा राहूनही जातो. रबरात भेगा पडू नयेत म्हणून घातलेली रसायने टायर चालताना दबला-सुटला की हळूहळू पृष्ठभागावर येतात. गाडी उभीच राहिली की ते होत नाही. त्यात हवा कमी होऊन महिनोन्‌महिने एकाच जागेवर भार. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, अंगठ्याने दाबून उन्हात बघा. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर विषय संपला.

टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला शोधा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षे झाली की कितीही चांगला दिसो, भंगारात. स्टेपनीलाही हेच लागू. नवे घेतानाही हे आकडे आधी वाचा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून गळ्यात मारला जातो.

नक्षी किती उरली तर टायर कायद्याने चालतो? (सावंतवाडी)

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ नुसार दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर, बाकी गाड्यांना १.६ मिलिमीटर. मोजपट्टी नको. नक्षीच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या रेषेत कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरे किंवा त्रिकोण असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर बाद.

पण ही दंड टाळण्याची मर्यादा झाली. आंबोलीच्या पावसात १.६ वर गाडी चालवणे मला पटत नाही. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकले जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरतेच. चारचाकीचे टायर तीन मिलिमीटरला आले की मिरगाआधी बदलून घ्या.

आंब्याच्या हंगामात पिकअपने कोल्हापूरला माल नेतो. टायरवाला म्हणतो, जास्त प्लायचे (आतल्या थरांचे) टायर टाक, मग अर्धा टन जास्त घातला तरी चालेल. खरे का? (लांजा)

टायर कदाचित सोसेल, गाडी सोसणार नाही. ॲक्सल, पाटे, ब्रेक तेच राहतात आणि आरसी बुकावरचे एकूण वजनही तेच राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळेच.

टायरवर मापाच्या पुढे ‘११२/११०’ असे काही लिहिलेले असते. ते भाराचे सांकेतिक आकडे. ११२ म्हणजे एकटा टायर ११२० किलो पेलतो. मागे जोडीने लावला तर ११० प्रमाणे प्रत्येकी १०६० किलो. हा भार पूर्ण हवा असताना. हवा कमी असली तर साइडवॉल दर फेऱ्याला वाकते, आतून तापते आणि फुटते. मे महिन्यातले बहुतेक टायर असेच फुटतात. नाव मात्र उन्हाचे होते.

हवा पहाटे, टायर थंड असताना, भरल्या गाडीच्या मापाने भरा. वाटेत टायर तापला म्हणून हवा सोडू नका. आंबा घाटाआधी साखरप्याला चहाला थांबाल तेव्हा हाताची मागची बाजू सगळ्या टायरना लावून बघा. एकच जास्त गरम असेल तर तिथे हवा कमी आहे, नाहीतर ब्रेक धरतोय.

रिमोल्डबद्दलही (झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) विचारले आहे. चांगल्या कारखान्यातला रिमोल्ड मागे चालेल. पुढे, स्टिअरिंगला, मी कधीच लावू देणार नाही.

छोटी होडी ट्रॉलीवर घालून जीपने किनाऱ्यावर नेतो. ट्रॉलीला मारुतीचे जुने टायर आहेत. रस्त्यावर नेली तर अडचण येईल? (हर्णै)

येईल. सार्वजनिक रस्त्यावर आली की ती ट्रेलर ठरते. मग नोंदणी, नंबर आणि टायरचे नियम सगळे लागू. आधी हिशेब करा: होडी, इंजिन, जाळी आणि ट्रॉली मिळून समजा ९०० किलो. दोन चाके, म्हणजे प्रत्येकी ४५०. टायरवर ७४ असेल तर तो फक्त ३७५ किलोचा. ८२ असेल तर ४७५ किलोचा, म्हणजे जेमतेम. त्यात भार कधी एका बाजूला कलतो, म्हणून मी आणखी वरचा घेईन. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि आयएसआय शिक्क्याचे हवेत.

तुमचे खरे दुखणे मात्र रिममध्ये आहे. खाऱ्या पाण्याने कडेला गंज चढतो, टायर तिथे नीट बसत नाही आणि रोज हवा जाते. शिवाय रस्त्यावरून आलेला तापलेला हब थेट समुद्रात बुडवलात तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. मग बेअरिंग जाते. अर्धा तास थांबा, मग उतरवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

दोनच नवे टायर परवडतात. पुढे लावू की मागे? (चिपळूण)

मागे. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी मागेच. ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते, सावरता येत नाही.

स्विफ्टला १६५/८० आर १४ आहेत, १८५/६५ आर १५ लावू का? (अलिबाग)

दोन्ही चाकांच्या व्यासात दोनेक मिलिमीटरचाच फरक पडतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडणार नाही. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळपेक्षा खालचे नको. रिम मात्र पंधराची लागेल, तो खर्च धरा. नायट्रोजनवर पैसे घालवू नका; साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

नव्या गाडीत स्टेपनीच नाही. चालते का? (गुहागर)

चालते. २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. पण किट खिळ्याच्या भोकापुरते. जांभ्याच्या धारेने साइडवॉल चिरली तर त्याचा काही उपयोग नाही. आतल्या रस्त्यांवर हिंडणार असाल तर डिकीची जागा गेली तरी स्टेपनी घ्या.